बारा बाया, बारा ओळी आणि माझी पेटी

समूहगानासाठी गाणं कसं निवडावं, या विषयावर मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात पंचेचाळीस मिनिटं बोलले होते. आता मला तिथे बोलावत नाहीत.

बोलवावं असं माझ्याजवळ काही नव्हतं अशातला भाग नाही. मी संगीत विशारद आहे (दुसऱ्या प्रयत्नात). आरमोरीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि मराठीचे तास संपले की त्याच घशानं संगीत शिकवते. शाळेच्या समूहगानाची गाणी कित्येक वर्षं मीच निवडते. त्यासाठी माझी एक निळी वही आहे. पोरींच्या गळ्याला कोणती पट्टी झेपेल, श्वास कुठे घ्यायचा, प्रसंगाला कोणते शब्द शोभतील, वरचा आवाज कोणी लावायचा आणि खालचा कोणी, सगळं तीत लिहिलेलं आहे. पायांविषयी मात्र तीत एक अक्षर नव्हतं. गाण्याच्या वहीत पायांचं काय काम, असं मला वाटायचं!

त्या वर्षी तालुक्याच्या वाचनालयानं समूहगानाची स्पर्धा ठेवली. शाळांचा एक गट, भजन मंडळांचा एक, आणि पहिल्यांदाच एक नवा गट: गावातल्या बायांचा. मी ही बातमी घरी जेवताना सांगितली, तेव्हा आईंचा घास हातातच राहिला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पासष्टच्या पुढे (आधार कार्डावर अठ्ठावन्न आहे, पण आधार कार्ड त्यांच्या गुडघ्यांना कोणी दाखवलेलं नाही). उभा जन्म धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत गेला. रोवणी करणाऱ्या बायांच्या टोळीत गाणं उचलायचं काम त्यांचं. त्या ओळ टाकणार, बाकीच्या झेलणार. त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता चिखलात उतरायचं नाही, ही रोवणी शेवटची. आईंनी ते ऐकून घेतलं आणि ती रोवणी शेवटच्या बांधीपर्यंत पुरी केली.

"मनीषा," त्या म्हणाल्या, "मले बी घे ना वो त्या गान्यात."

"तुम्ही, आई?"

"काऊन? चाळीस वर्सं झाले गाऊन राह्यली मी. पन वाकून! माहं गानं चिखलानं आयकलं, बेडकाईनं आयकलं. एकदा मानसायसमोर तोंड वर करून गाऊ दे मले. पुढच्या साली तं चिखल बी नाई."

आमचे हे (माझा नवरा, राईस मिल चालवतात, दिवसभर मशीन बोलते म्हणून हे बोलत नाहीत) मान वर न करता म्हणाले, "घे ना मग."

मला भरून आलं. मी ताटावरूनच वचन दिलं, "आई, तुम्ही पुढच्या रांगेत, मधोमध. मान ताठ, तोंड वर. ती जबाबदारी माझी!" माणसानं भरल्या गळ्यानं जबाबदारी घेऊ नये, हे मला नंतर कळलं.

टोळी जमवायला वेळ लागला नाही. आईंच्या रोवणीतल्याच अकरा जणी आल्या, बाराव्या आई. त्यांत सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या शेवंताबाई. त्या आपल्या अंगणात उभं राहून म्हशीला हाक मारतात तेव्हा नदीपलीकडच्या म्हशीही माना वळवतात. मळणी उरकली होती, आमचं खळं मोकळं होतं. रोज दुपारी चारला सराव, असं ठरलं. मी पेटी घेऊन समोर बसायची, बाया माझ्यासमोर उभ्या.

आणि मी गाणं निवडायला घेतलं.

पहिलं गाणं मी माझं स्वतःचं दिलं. 'नवोन्मेषाच्या प्रांगणी या, चैतन्याचे दीप उजळू या' असं त्याचं ध्रुवपद होतं. हे गाणं लिहिल्याबद्दल शाळेत माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला होता. बायांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "पन होऊन काय राह्यलं त्याच्यात?"

"म्हणजे?"

"म्हंजे कोन कुठी जाऊन राह्यलं? कोनाचं लगन हाय? कोन रुसलं? काईतरी होत असन ना वो, मास्तरीनबाई!"

मी वही उघडून पाहिलं. काहीच होत नव्हतं. चोवीस ओळींत सगळे नुसते उजळत होते. शाळेतल्या पोरींनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण त्यांना माझ्याकडून मराठीचे गुण हवे असतात.

दुसरं गाणं मी तीन आवाजांचं काढलं. वरचा, मधला, खालचा. नागपूरच्या एका शिबिरात मी ते शिकून आले होते आणि तेव्हापासून कोणाला तरी शिकवायचंच होतं. मी चारचार बायांचे तीन गट पाडले. पाच मिनिटांत वरच्या गटातली एक जण खालच्या गटात गेली, कारण तिकडे तिची बहीण होती. मधल्या गटानं वरच्यांचं ऐकून वरचा सूर लावला, मग वरच्यांना राग आला. शेवटी बाराही जणींनी शेवंताबाईंचा सूर धरला, कारण दुसरा कोणता ऐकूच येत नव्हता.

"एकाच गावच्या बाया," आईंनी विचारलं, "मंग अशा अलग अलग काऊन गाऊन राह्यलो आपन? भांडन झालं काय आपलं?"

तिसऱ्यांदा मी भजन निवडलं. भजन त्यांना येत होतं, सूरही बरा लागला. पण साडेचार झाले की प्रत्येकीला घरची चूल दिसायला लागे आणि लय वाढत जाई. पहिलं कडवं सावकाश, दुसरं झपझप आणि तिसरं पळत! शेवटच्या कडव्याला पेटीचा भाता मारता मारता माझा खांदा दुखावला, आणि देवालाही धाप लागली असेल. शिवाय चौकशी केली तर भजन मंडळांपैकी निम्म्यांनी तेच भजन घेतलेलं होतं.

तेव्हा आईंनी हळूच विषय काढला. "रोवनीचं गानं हाय ना आपलं."

"आई, ते कामाचं गाणं," मी म्हटलं. "मंचावर काही भारदस्त लागतं. परीक्षक येतात, शहरातले असतात."

"शयरातले भात खात नाईत काय?"

यावर निळ्या वहीत उत्तर नव्हतं. तरी मी आठवडाभर ताणून धरलं. विशारद झालेली सून असताना घरातून रोवणीचं गाणं जावं, हे मनाला पटेना. (माहेरी वरोऱ्याला माझी आई जात्यावर गायची, ते मी सोयीनं विसरले होते.) मग नावं द्यायचा शेवटचा दिवस आला. माझी तिन्ही गाणी मोडून पडलेली होती. मी अगदी उदारपणानं म्हटलं, "बरं, तुमचंच घेऊ. पण मी ते जरा नीट बसवीन हं!"

दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन बसले. बायाही पोत्यांवर बसल्या. "सांगा, पहिली ओळ."

आईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवंताबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. बारा बाया चाळीस वर्षं गायलेलं गाणं आठवत होत्या आणि एकीलाही ते आठवत नव्हतं.

"बसून येत नाई वो ते," शेवंताबाई म्हणाल्या.

"मग उभ्या राहा."

उभ्या राहिल्या. आईंनी ओळ टाकली:

'बांधी भरली पान्यानं, ढग खाली वाकले गं,
माह्या हातच्या पऱ्ह्यायनं चिखल सारे झाकले गं.'

अकरा जणींनी ती झेलली, आणि माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू? माझ्या गाण्यातले सगळे दीप त्या एका ओळीनं विझवले. मी भराभर लिहून घ्यायला लागले. वर पाहिलं तेव्हा बाया मघापेक्षा जरा लांब दिसल्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा वर पाहिलं. आणखी लांब! बारावी ओळ होईपर्यंत त्या मागच्या तनसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगाला टेकल्या होत्या. तिथे गाणं थांबलं, सगळ्या हसत चहाला बसल्या.

आता इथे माझं अज्ञान कबूल करायला हवं. वरोऱ्याकडे आमचा कापूस. कापूस वेचणारी बाई पुढे पुढे जाते. इकडे धानाची बांधी, म्हणजे पाण्यानं भरलेला वावराचा तुकडा, उलटी चालत रोवतात. लावलेलं रोप पायाखाली येऊ नये म्हणून वाकायचं, पऱ्हा, म्हणजे रोप, खोवायचं आणि एक पाऊल मागे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण रोवणीच्या दिवसांत मी चहाची किटली घेऊन धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधीच्या काठापर्यंतच जात आलेली. बाया मागे सरकतात हे मला दिसायचं. पण गाणं त्यांच्या गळ्यात नसून टाचांत आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"आई, मंचावर जागेवर उभं राहून गायचं हं," मी बजावलं.

जागेवर उभं राहिल्यावर दुसऱ्याच ओळीला सगळं गप्प.

"पाय मांगं गेल्याबिगर पुढची ओळ येतच नाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मी काय करू, सांगा!"

मी उपाय सुरू केले. टाचांमागे विटा ठेवल्या. बायांनी न बघता विटा ओलांडल्या. इतक्या सफाईनं, की वाटेत सापाचं बीळ असतं तरी ओलांडलं असतं. मग आमच्या ह्यांनी मिलमधून येता येता सल्ला दिला, "भितीले टेकवून उभं कर." तेही करून पाहिलं. मिलच्या भिंतीला बारा बाया ओळीनं टेकवल्या, पेटी सुरू केली. कोणाच्या तोंडातून शब्द फुटेना. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं सायकल थांबवून विचारलं, की बायांना पोलिओचे डोस कधीपासून द्यायला लागले!

त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसल्या. "मी राह्यते घरी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाया घे. माह्यामुळं तुही फजिती नोको."

त्यांचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं त्यांनाच मी भिंतीला टेकवून गप्प केलं होतं. मी म्हटलं, "आई, पाय हलू द्या. मी मंचच मोजून येते!"

आणि खरंच मोजून आले. ज्या शाळेच्या पटांगणात स्पर्धा होती तिथला मंच अठरा फूट खोल. ओळीला एक पाऊल, पाऊल वीतभर, ओळी बारा. म्हणजे नऊ फूट. खळ्यावरही बाया उभ्या राहायच्या तिथून तनसीचा ढीग बरोबर नऊ फुटांवर होता. बाया मंचाच्या पुढच्या काठापासून सुरू करतील आणि बरोबर मध्यावर येऊन थांबतील! मी वहीत मंचाचा नकाशा काढला, बाणसुद्धा दाखवले. गणिताचे सर माझ्याकडे वेगळ्याच आदरानं बघायला लागले.

शिवाय मी त्यात थोडी कलाही घातली. शेवटच्या सहा ओळी हळूहळू मंद करत न्यायच्या, असं बायांना शिकवलं. मी डाव्या हाताचा तळवा खाली दाबला की आवाज उतरवायचा, बोटं वर केली की चढवायचा. त्यांना ते जमलं नाही. मी जेव्हा जेव्हा तळवा दाबला तेव्हा शेवंताबाई जास्तच मोठ्यानं गायल्या, कारण त्यांना वाटलं मी धीर देतेय. पण मी आशा सोडली नाही.

स्पर्धेच्या दिवशी बाराही जणी हिरवी लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून आल्या. आईंनी तर चष्मासुद्धा पुसून घेतला होता. मानसं नीट दिसली पाहिजेत, म्हणाल्या.

सकाळी अकराचा कार्यक्रम दुपारी एकला सुरू झाला. आमचा नंबर आला अडीचला. मी पेटी उचलून मंचावर चढले आणि पहिला धक्का बसला. मी मोजून गेले होते तो मंच रिकामा होता. आता त्याच्या पुढच्या भागात पाहुण्यांचे तीन सोफे, टीपॉय, फुलदाण्या आणि एक भलीमोठी समई होती! पाहुण्यांची पाठ आमच्याकडे. गायकांनी सोफ्यांच्या मागे, उरलेल्या जागेत उभं राहायचं. उरली होती जेमतेम सहा फूट. त्यामागे कापडी पडदा, दोन भागांचा, मधे फट.

"काही होत नाही," मी स्वतःला समजावलं. "पावलं जरा आखूड टाकतील." पडद्याच्या मागे काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. मागे सोफे चढवायला लावलेला, मंचाच्या रुंदीचा फळ्यांचा उतार होता आणि त्यापुढे शाळेच्या शेजारची, धान कापलेली, मोकळी बांधी.

निवेदक गुरुजींनी (गुलाबी फेटा, हातात बिनवायरचा माईक) आमचं नाव पुकारलं. मी लोकांकडे तोंड करून पुढे बसले, बाया माझ्या मागे, आई मधोमध उभ्या. मान ताठ, तोंड वर. मी पेटीवर बोटं ठेवली आणि मान खाली घातली. ही माझी दुसरी कबुली: पेटी वाजवताना मला पट्ट्यांकडेच बघावं लागतं. वर पाहिलं की काळी दोनची काळी तीन होते. विशारदला दुसरा प्रयत्न करावा लागला तो त्यामुळेच.

'बांधी भरली पान्यानं...'

काय उचललं आईंनी! समोरची कुजबुज एकदम थांबली. मी खाली मान घालूनच फुलून गेले. दुसरी ओळ, तिसरी ओळ, चौथी. मला आता असं सांगतात, की तिसऱ्या ओळीला शेवंताबाई सवयीनं वाकल्या, चौथीला त्यांच्या दोन्ही बाजूच्या, आणि सहावीपर्यंत मंचावर एकही बाई सरळ उभी नव्हती. मला काय माहीत? मी पट्ट्या बघत होते.

सातव्या ओळीला मी डावा तळवा खाली दाबला. आणि काय सांगू! आवाज मंद झाला. आठवीला आणखी मंद. जे महिनाभरात झालं नाही ते ऐन मंचावर घडत होतं. दहाव्या ओळीला तर स्वर असा लांब, हलका, पडद्यापलीकडून यावा तसा यायला लागला. (तो पडद्यापलीकडूनच येत होता.) मी मनात म्हटलं, शाबास शेवंताबाई! शिबिरातल्या सरांनी हे ऐकायला हवं होतं!

बारावी ओळ झाली. मी शेवटचा सूर धरून ठेवला. तर पुन्हा पहिली ओळ सुरू! मी गोंधळले. पण गायक पुढे गेले तर वादकानं सोबत जायचं असतं, हे वहीत होतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले आणि बोटं वर करून "आता चढवा" अशी खूण केली. काही चढलं नाही. उलट खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की लोक उठून चालले आहेत. मला घाम फुटला. वाटलं, लोकांना कंटाळा आला! मग मी जोरात भाता मारला आणि मान हलवत, चेहऱ्यावर प्रसन्नता आणून वाजवायला लागले. सोफ्यावरचे पाहुणे वळून माझ्याकडे बघत होते. मग तेही उठले. शेवटी समईसुद्धा कोणी तरी बाजूला घेतली, वाट करायला.

आता समोर एकच माणूस उरला होता. आमचे हे. पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग करत होते.

"अहो!" मी वाजवता वाजवताच ओरडले. "सगळे कुठे चालले?"

त्यांनी मोबाइल न हलवता हनुवटीनं माझ्या मागे खूण केली. मी वळून पाहिलं. मंचावर मी, पेटी आणि फुलदाण्या. पडद्याची फट वाऱ्यानं हलत होती.

मी पेटी टाकून पळाले. पडदा बाजूला केला तर खाली, उन्हात, माझं समूहगान चाललेलं! बारा बाया कमरेत वाकून, एका ओळीत, फळ्या उतरून कापलेल्या बांधीतून मागे मागे चालल्या होत्या. हात रिकामे, पण बोटं रोप खोवल्यासारखी खाली जात होती. दोन्ही बाजूंनी लोकांची गर्दी चालत होती. पाहुणे धोतर सावरत, परीक्षक बाई वही छातीशी धरून, आणि निवेदक गुरुजी बंद पडलेला माईक आईंच्या तोंडासमोर धरून स्वतःही वाकून उलटे चालत होते.

"आई, थांबा! गाणं संपलं!" मी ओरडले.

"कुठी संपलं?" शेवंताबाई वाकूनच म्हणाल्या. "धुरा कुठी आला अजून?"

मग मला उलगडा झाला. गाणं बारा ओळींचं नव्हतंच. धुरा येईपर्यंत बारा ओळी पुन्हा पुन्हा म्हणायच्या असतात. खळ्यावर तनसीचा ढीग आडवा यायचा, म्हणून तिथे थांबायच्या. मी त्या ढिगाला गाण्याचा शेवट समजून वहीत दोन रेघा मारून ठेवल्या होत्या! मंचावर ना ढीग, ना धुरा. नुसतं कापड. कापडासाठी कोण थांबतं?

आईंचे गुडघे आठवून मी फळ्यांवरून खाली पळाले. मी त्यांच्याजवळ जाऊन चालायला लागले. त्या घामाघूम झाल्या होत्या, चष्मा नाकावर घसरला होता, पण आवाज जराही थकला नव्हता. शेवटी त्यांची टाच धुऱ्याच्या मातीला लागली. बाराही जणी थांबल्या. कमरेवर हात ठेवून सगळ्या एकदम सरळ झाल्या. आईंनी तोंड वर केलं. समोर अख्खं पटांगण उभं होतं, पाहुण्यांपासून चहावाल्यापर्यंत. आणि त्यांनी ती ओळ टाकली, जी मी कधी ऐकलीच नव्हती:

'धुरा आला, धुरा आला, कंबर सिधी करा गं,
वावर झालं हिरवंगार, घरची वाट धरा गं.'

मला रडू आलं. विनोदी लिहायला बसले आहे म्हणून ते लपवत नाही. पासष्टी ओलांडलेल्या बाईनं माणसांसमोर तोंड वर करून गायलेलं मी पाहिलं, आणि त्यात माझा हात असेल तर एवढाच, की मी तेव्हा तिच्या आड आले नाही. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या थांबेनात.

आईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "पेटी कुठी हाय वो?"

"वर मंचावर."

"आन तिले एकटी सोडून आली? जा ना, आन बरं! कोनी नेईन!"

परीक्षक बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ही शेवटची ओळ तुम्ही लिहून दिलेल्या कागदावर नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मग हे गाणं निवडलं कोणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. महिनाभर मी या गाण्याला किती छळलं, ते बारा बायांना ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "सुनेनं निवडलं. लय शिकेल हाय ते." एवढ्या प्रेमानं माझी फजिती आजवर कोणी केली नव्हती.

आमचा पहिला नंबर आला. ह्यांनी काढलेला व्हिडिओ तालुकाभर फिरला. सात मिनिटं मी एकटी रिकाम्या मंचावर, मान डोलवत, न दिसणाऱ्या बायांना डाव्या हातानं शांत करत. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही तो दाखवतात म्हणे. तेव्हापासून मला बोलावत नाहीत, कारण ते पंचेचाळीस मिनिटांचं काम आता सात मिनिटांत होतं.

महिन्याभरानं वाचनालयाच्या स्पर्धा समितीची बैठक झाली, आम्हालाही बोलावलं होतं. बायांचा गट यापुढे थेट बांधीत गाईल, लोक धुऱ्यावर बसतील, असं ठरलं. मग मंचाचा प्रश्न निघाला. पाहुण्यांचे सोफे आणि हार तिथेच असणार, तेव्हा मंच अगदीच ओसाड दिसू नये. आईंनी सुचवलं, की मनीषाला पेटी घेऊन तिथेच बसवावं. वाजवत राहील, कोणाला त्रास नाही. निवेदक गुरुजींनी अनुमोदन दिलं आणि सगळ्यांचे हात वर गेले. मीसुद्धा हात वर केला. खरं सांगायचं तर, तालुक्यात त्या कामाचा अनुभव दुसऱ्या कोणाला आहे?